दुसरी डिस्क बसवली तो रविवार

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पुणतांब्यापासून चार-पाच किलोमीटरवर एका वस्तीवर तिची दोन खोल्यांची शाळा आहे, पहिली ते चौथी. मधे बदल्या झाल्या, पण फिरून फिरून ती तिथंच आली. मी पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात होतो. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायची हिंमत फक्त मी केली होती. पुढं नोकरीभर कुणाचंही मशीन अडलं की मला हाक यायची. त्याचा मला अभिमान होता. या हकिकतीत त्या अभिमानाचा वाटा मोठा आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

बायकोला पहिल्यांदा व्हिडिओ काढता येणारा मोबाईल घेतला, त्या वर्षापासून तिनं एक गोष्ट सुरू केली. वर्ष संपताना चौथीच्या प्रत्येक पोराला व्हरांड्यात उभं करायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, शाळेतून घरी जाताना वाटेत काय काय लागतं ते सांग. मिनिट-दोन मिनिटांचा व्हिडिओ. पोरं काय सांगतील याचा नेम नसायचा. एकानं फक्त वाटेतल्या कुत्र्यांचीच ओळख करून दिली होती, कोणतं चावतं आणि कोणतं नुसतंच भुंकतं. एका मुलीनं सांगितलं, "आधी कालवा लागतो, मग आज्याची वस्ती लागते, मग मी घरीच असते." एक मुलगी इतकं हळू बोलली होती की मागची पाण्याची मोटारच ऐकू यायची, पण बायकोनं तेही ठेवलं होतं.

दिवाळीनंतर आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. जामखेड, पाथर्डी, पार बीडकडच्या. शाळेजवळच्या रानात त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्या की बायको स्वतः तिथं जायची, आयांशी बोलायची आणि पोरं शाळेत घेऊन यायची. कारखाना बंद व्हायची चाहूल लागली की ती माणसं गाड्या भरून निघून जातात. म्हणून त्या पोरांचं रेकॉर्डिंग ती आधीच उरकून घ्यायची. ती चौथीतलीच असली पाहिजेत असंही तिनं कधी धरलं नाही. पुढच्या वर्षी ती टोळी इकडंच येईल याचा काय भरवसा, असं ती म्हणायची.

हे सगळे व्हिडिओ मोबाईलमधून काढून आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर ठेवायचं काम माझं. ठेवून झालं की मोबाईल रिकामा करायचा. वर्षामागून वर्षं अशीच गेली. दुसरीकडं कुठं त्याची प्रत नव्हती. 'करू कधीतरी' असं मी म्हणायचो, आणि माझ्यावर सोपवलंय म्हटल्यावर ती परत विचारायची नाही.

गावात या व्हिडिओंची माहिती होती. पोरीचं लग्न ठरलं की एखादा बाप शाळेत यायचा आणि संकोचून म्हणायचा, बाई, तेवढं पोरीचं चौथीतलं बोलणं मोबाईलवर पाठवा की. बायको घरी येऊन मला सांगायची, मी शोधून पाठवायचो.

कॉम्प्युटरमध्ये एकच एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची डिस्क, होती. विंडोज त्यावरच, व्हिडिओही त्यावरच. ती भरत आली होती. मशीन सुरू व्हायला वेळ लागायचा, मध्येच अडकायचं, आणि बायको शाळेची ऑनलाइन माहिती भरताना वैतागायची. मी ठरवलं की दुसरी एसएसडी आणायची, पोरांचे व्हिडिओ तिच्यावर हलवायचे, आणि जुनी पुसून तिच्यावर विंडोज नव्यानं टाकायचं.

राहात्यात एक कॉम्प्युटरचं दुकान आहे. दुकानदार बायकोच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी, आता चाळिशीला आलेला. रेकॉर्डिंग सुरू होण्याच्या कितीतरी आधी तो शाळेतून बाहेर पडला होता. मी डिस्क घेतली तेव्हा तो म्हणाला, काका, मशीन इकडं आणा, मी बसवून देतो, डेटा पण हलवून देतो. मी हसलो. म्हटलं, तू तिसरीत होतास तेव्हापासून मी हे करतोय.

तो रविवार होता. बायको सकाळी सोनईला भावाकडं जाणार होती, संध्याकाळी परत. ती निघायच्या आत मी कॅबिनेटची बाजू उघडली, नवी डिस्क स्क्रूनं घट्ट केली, एक वायर बोर्डाला आणि एक सप्लायला जोडली. मशीन चालू केलं. नवी डिस्क दिसली. मग डेस्कटॉपवरचं 'शाळा' नावाचं फोल्डर घेतलं आणि नव्या डिस्कवर कॉपी केलं. क्षणात झालं. मला वाटलं, हाच तर एसएसडीचा वेग. मी बायकोला बोलावून दाखवलं.

ती पर्स खांद्याला लावत आली. म्हणाली, इतक्यात झालं? एकदा उघडून बघा की. मी नव्या डिस्कवर जाऊन 'शाळा' उघडलं. सगळी वर्षं ओळीनं दिसली. एक व्हिडिओ लावला, तो चालला. तिचं समाधान झालेलं दिसलं, पण उंबऱ्याशी जाऊन ती परत वळली.

"मी येताना मोठा पेनड्राइव्ह आणते. त्याच्यावर पण एक घेऊ, आणि मगच जुनं पुसा," ती म्हणाली.

मी बरं म्हणालो.

ती गेल्यावर मी चहा केला, पेपर वाचला. अकरा वाजले. संध्याकाळपर्यंत मशीन तसंच उघडं ठेवायचं माझ्या जिवावर आलं. तिला यायला उशीर झाला तर काम पुढच्या रविवारवर जाणार. शिवाय कॉपी झालीच होती, तिच्यादेखत उघडून पाहिली होती. तिनं घरात पाऊल ठेवावं आणि मशीन चुटकीसरशी सुरू व्हावं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. विंडोजचा पेनड्राइव्ह मी आधीच तयार केला होता. तो लावला, जुन्या डिस्कचे सगळे भाग पुसले आणि तिच्यावर विंडोज नव्यानं टाकलं. दुपारच्या जेवणाआधी काम पूर्ण.

जेवून आलो, नवी डिस्क उघडली, 'शाळा' वर क्लिक केलं. पडद्यावर एक चौकट आली. ज्याच्याकडं हा शॉर्टकट नेतो ती वस्तू आता जागेवर नाही, असा त्याचा अर्थ.

मला कळायला वेळ लागला. डेस्कटॉपवर होतं ते फोल्डर नव्हतंच. बायकोला सापडायला सोपं जावं म्हणून काही वर्षांपूर्वी मीच तिथं शॉर्टकट करून ठेवला होता. शॉर्टकट म्हणजे नुसती पाटी, मूळ फोल्डरकडं बोट दाखवणारी. चित्राच्या कोपऱ्यात बारीक बाण असतो, त्यावरून तो ओळखू येतो. मी नव्या डिस्कवर ती पाटी नेऊन लावली होती. सकाळी ती उघडली तेव्हा तिनं आम्हाला जुन्या डिस्कवरच नेलं होतं, आणि चाललेला व्हिडिओ जुन्या डिस्कवरचाच होता.

पुसलेलं परत आणायचे प्रोग्रॅम मला माहीत होते. ते लावले. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर पुसलेलं बरंच परत मिळतं, पण एसएसडी पुसली की ती आतून स्वतःच साफ होऊन जाते. एकही व्हिडिओ आला नाही. चार वाजले, मग पाच.

बायको साडेपाचला आली. सोनईहून तिनं वांगी आणली होती आणि पेनड्राइव्हही आणला होता. तो तिनं टेबलावर ठेवला. मी काय बोलणार ते मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "नवी डिस्क खराब निघाली. कॉपी झाली आणि दुपारी बंदच पडली. सगळं गेलं."

जुनी का पुसली, असं तिनं विचारायला हवं होतं. मी त्याचं उत्तरही तयार करत होतो. तिनं ते विचारलंच नाही. ती खुर्चीवर बसली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही काय करणार त्याला? तुम्ही सकाळपासून राबताय." मला तिनं पाणी आणून दिलं. रात्री ती जेवली नाही, मी मात्र जेवलो.

खरं सांगायला तो एक दिवस सोपा होता. दुसऱ्या दिवशी अवघड झालं. तिसऱ्या दिवशी तिनं शाळेतून येताना वाट वाकडी केली आणि नवी डिस्क घेऊन राहात्याला दुकानात गेली. मला तिनं सांगितलं नव्हतं. मी डिस्क काढून कपाटात ठेवली होती, ती तिथून तिनं सकाळी जातानाच उचलली होती. दुकानात तेव्हा तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत ती त्या माणसाला बोलली. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, म्हणाली. त्यानं एका शब्दानं उलट उत्तर दिलं नाही. डिस्क ठेवून घेतली आणि दुसरी दिली. संध्याकाळी ती घरी येऊन हे सगळं सांगत होती आणि मी शेंगा सोलत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मला फोन आला. आवाज हळू होता.

"काका, डिस्क चांगली हाय. मी रात्रभर लावून पायली. काहीच बिघाड न्हाई. आत नुसता एक शॉर्टकट हाय."

मी फोनचा आवाज कमी केला.

"बाईंना काय सांगू?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "राहू दे. काही सांगू नको."

तो "बरं" म्हणाला. आजवर मी कितीतरी चुका केल्या असतील, पण त्या 'राहू दे' ची बरोबरी कशाला येत नाही. डिस्क पुसली ती घाईत. हे मात्र मी शुद्धीवर असताना, आरामखुर्चीत बसून म्हणालो.

त्यानं खरंच कुणाला सांगितलं नाही. बायकोच्या बोलण्याला आमच्याकडं वजन आहे. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, शाळांना कॉम्प्युटर घ्यायचे होते, ते श्रीरामपूरहून आले. शिक्षक मंडळी त्याच्याकडं जायची थांबली. मी एकदा राहात्याला गेलो तेव्हा दुकानासमोरून जाणं टाळलं आणि बाजाराला वळसा घालून स्टँडवर आलो.

असे चार-पाच महिने गेले. एका सकाळी बायको डबा भरत होती. तिच्या एका सहकाऱ्याचा फोन आला. त्याला मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचा होता. बायको त्याला म्हणाली, "त्या दुकानात मात्र जाऊ नका. माझाच विद्यार्थी आहे, सांगायला वाईट वाटतं, पण माल खराब देतो."

मी दाढी करत होतो. साबण तसाच राहिला. तिचा फोन संपला आणि मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. शॉर्टकट, पुसणं, त्याचा फोन, माझं उत्तर. सांगायला काही मिनिटंही लागली नाहीत.

तिनं गॅस बंद केला. मला वाटलं होतं, ती व्हिडिओंबद्दल बोलेल.

"म्हणजे त्याची डिस्क चांगली होती?"

"हो."

"आणि त्याला हे माहीत होतं?"

"हो."

"मी त्याला गिऱ्हाइकांसमोर बोलले हो," ती म्हणाली. मग तिनं डबा तिथंच ठेवला, पर्स घेतली आणि शाळेत गेली. तो डबा दुपारी मी उघडला, पण मला खाता आलं नाही.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर तिनं मला गाडी काढायला सांगितली. आम्ही राहात्याला गेलो. दुकानासमोर गाडी लावली आणि ती उतरली. तिनं मला थांबायला सांगितलं नव्हतं, मीच उतरलो नाही. काचेतून दिसत होतं, ती हात जोडून काहीतरी बोलत होती आणि तो उठून उभा राहून तिचे हात खाली करत होता. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. नंतर तो बाहेर आला, खिडकीशी वाकला आणि म्हणाला, काका, आत या, च्या घ्या. तेव्हा मी गेलो. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यानं विषयच बदलला. त्यानं बायकोला विचारलं, बाई, तुमी लोकांना व्हिडिओ पाठवले असतील ना? त्यांच्या मोबाईलमंदी असतील की.

हे इतके महिने माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण लोकांकडं मागायचं तर आधी आपल्याकडचे गेले हे सांगावं लागणार, म्हणून कदाचित मीच ते येऊ दिलं नसेल.

बायकोनं गावातल्या ग्रुपवर निरोप टाकला. व्हिडिओ येऊ लागले. काहींच्या मोबाईलमध्ये होते, काहींनी लग्नाच्या सीडीत घातले होते, एका आजोबांनी तर रोज ऐकतो म्हणून सांगितलं. दोन महिन्यांत पन्नासेक जमा झाले. कुत्र्यांची ओळख करून देणारा परत आला. आज्याच्या वस्तीवाली परत आली. दरवर्षीच्या पोरांची नावं तिनं एका वहीत लिहून ठेवली होती; ती एकेक व्हिडिओ बघायची आणि वहीत नावापुढं खूण करायची.

एके दिवशी तिनं ती वही माझ्यासमोर ठेवली. बोट ठेवून दाखवत नव्हती, पण मला दिसलं. ऊसतोडीच्या पोरांच्या नावापुढं एकही खूण नव्हती. त्यांच्या आईबापांनी कधी काही मागितलंच नव्हतं. त्यांचे व्हिडिओ कुणाच्याच मोबाईलवर गेले नव्हते. ती पोरं फक्त आमच्या डिस्कवर होती.

हंगामाला येणाऱ्या पोरांकडं त्यांच्या गावच्या शाळेनं दिलेलं शिक्षण हमी कार्ड असतं, ते दाखवलं की दुसऱ्या शाळेत बसता येतं. त्याच्या झेरॉक्स बायकोनं जपून ठेवल्या होत्या. त्यावर गावांची नावं होती. पोळ्याच्या आधीच्या रविवारी आम्ही निघालो. नगर ओलांडून जामखेडच्या रस्त्याला लागलो. विचारत विचारत दुपारी एका वस्तीवर पोचलो. पत्र्याचं घर, दारात उडीद वाळत घातलेला. बायकोनं आवाज दिला तशी एक बाई बाहेर आली. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि ओळखलं.

"बाई? तुमी हितं कशा?"

तिची मुलगी दोन हंगाम बायकोच्या वर्गात बसली होती. आता तिला लग्न करून कर्जतकडं दिलं होतं. बायकोनं तिची चौकशी केली, मग सांगितलं की तुमच्या मुलीचं बोलणं मी मोबाईलवर घेतलं होतं. कोपीकडं जाताना वाटेत काय लागतं ते तिनं सांगितलं होतं. वाटेत बैल बसलेला असतो, त्याला मी रोज उसाच्या शेंड्याचं एक वाढं देते, असं म्हणाली होती. बायकोला ते शब्द न् शब्द आठवत होतं.

आई हसली. तिनं पदरानं तोंड पुसलं. "मंग दावा की. आमी तर कदी पायलंच न्हाई. लई बारकी असंल तवा."

बायको माझ्याकडं बघत नव्हती, जमिनीवरच्या उडदाकडं बघत होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ते आता नाही. माझ्या हातून पुसलं गेलं. चूक माझी आहे."

त्या बाईला नीट कळलं नसावं, किंवा कळलं असेल. म्हणाली, "त्या वक्ताला फोटू काडायला पन आमच्याकडं काय न्हवतं. तिचा बारीकपनीचा फोटू न्हाई आमच्याकडं." मग आत वळत म्हणाली, "बसा, च्या टाकते."

आम्ही चहा घेतला. बायकोनं मुलीचा नंबर घेतला आणि तिथूनच फोन लावला. मुलगी बाई, बाई करत खूप बोलली. बैलाचं तिला काही आठवत नव्हतं. मी असं म्हनले हुते व्हय, असं तिनं दोनदा विचारलं.

त्यानंतर आम्ही आणखी तीन गावांना गेलो, दोन पाथर्डीत आणि एक पुन्हा जामखेडकडं. एका ठिकाणी घराला कुलूप होतं. एका ठिकाणी ते कुटुंब पुण्याकडं कामाला गेलं होतं आणि पत्ता कुणालाच माहीत नव्हता. तिसऱ्या गावात एक मुलगा भेटला, आता टेम्पो चालवतो. तो बायकोच्या पाया पडला, पण घाईत होता. सगळ्या गावांना जाणं होण्यासारखं नव्हतं, आणि जाऊन हातात काय द्यायचं हाही प्रश्न होताच. दिवाळीनंतर आम्ही जाणं थांबवलं.

यंदाही बायकोनं रेकॉर्डिंग केलं. टोळ्या निघायच्या आठवडाभर आधी ती कोप्यांवर गेली, आणि या वेळी प्रत्येक पोराचा व्हिडिओ तिथल्या तिथं आईबापाच्या मोबाईलवर पाठवला. ज्यांच्याकडं साधा फोन होता त्यांच्यासाठी टोळीच्या मुकादमाच्या मोबाईलवर. कॉपी कशी घ्यायची, फोल्डर कुठलं आणि शॉर्टकट कुठला, हे ती राहात्याला जाऊन त्या दुकानदाराकडून शिकून आली. तीन ठिकाणी ठेवते, घरी, शाळेच्या कपाटात आणि त्याच्या दुकानात.

आमच्यात तसं काही बिनसलेलं नाही. ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते, बाजारातून काय आणायचं ते सांगते, पाठदुखीची चौकशी करते. फक्त मोबाईलमधून व्हिडिओ काढायचे असले की ती कॉम्प्युटरसमोर स्वतः बसते. चष्मा लावते, एकेक फाईल उघडून बघते, वहीत लिहिते. तिला वेळ लागतो. एखादी गोष्ट अडली तर ती दुकानात फोन करते. मी बाजूच्या खोलीत असतो. तिचं बोलणं मला ऐकू येतं, आणि ती काय विचारतेय त्याचं उत्तर बहुतेक वेळा मला माहीत असतं.